मी 'हं' म्हणाले होते

तिचं नाव मी मनातल्या मनात 'जाऊबाई' ठेवलं होतं. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला, अगदी कडेला उभा असलेला ट्रक ओलांडतानाही ती एकच विचारायची, "मॅडम, जाऊ का?" रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी, अडतीस वर्षांची नीटनेटकी बाई. पहिल्या दिवशी वही घेऊन आली होती. त्यात गिअरचा नकाशा पेन्सिलने काढलेला आणि न्यूट्रलच्या जागी लाल ठिपका. अशी माणसं शिकायला वेळ लावतात, पण शिकली की पक्की शिकतात. सोळा वर्षं गाडी शिकवते आहे, एवढं तर सांगू शकते.

तिचा अकरावा धडा होता. सिग्नल नसलेला चौक. समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग छेदून वळायचं होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, किंचित थरथरत उभी. माझ्या कानात ब्लूटूथ होता. पलीकडे एक गृहस्थ. त्यांच्या मुलीला सुट्टीत गाडी शिकायची होती आणि शनिवार-रविवारी शिकवता का, असं ते विचारत होते. मी म्हणाले, "हं."

त्याच क्षणी जाऊबाईंनीही काहीतरी विचारलं होतं. काय, ते सांगायला नको.

गाडी सुटली. समोरून मोटारसायकल येत होती. फार वेगात नव्हती, पण आली असती ती थेट माझ्या दारावर. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता, तो दाबला गेला. गाडी आचका देऊन बंद पडली, अर्धी त्या रांगेत आडवी. मोटारसायकलवाल्याने हँडल वळवलं, पाय टेकवला आणि आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबला. हेल्मेटची काच वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग छपरावरच्या शिकाऊ पाटीकडे, मग माझ्याकडे. आणि गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कानातले गृहस्थ अजून बोलतच होते. "हॅलो? म्हणजे शनिवारी जमेल ना?"

गाडी कडेला घेतली. ती म्हणाली, "मॅडम, मी विचारलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात." सुरात तक्रार नव्हती. रिपोर्ट चुकला तर नमुन्यावरचा नंबर पुन्हा ताडून बघावा, तशी ती बोलत होती. आणि मी काय म्हणाले? "अहो, पण स्वतःही बघायचं असतं ना!" पहिलं वाक्य हे. माफीचं नंतर आलं, घरी गेल्यावर, फोन करून. त्याच फोनवरून.

हे मी लिहिते आहे त्याचं कारण असं की त्या दिवसापर्यंत मी स्वतःला या बाबतीत सुधारलेली समजत होते.

फोनचं आमच्या धंद्यात काय स्थान आहे, ते बाहेरच्याला कळणं अवघड आहे. मी एकटी शिकवते. माझं ऑफिस नाही, टेबल नाही, निरोप घेणारं कुणी नाही. फोन हेच ऑफिस. दिवसाला सात-आठ धडे, प्रत्येक धडा पाऊण तासाचा. म्हणजे नवीन माणूस चौकशीला फोन करणार तो जवळजवळ नक्की धडा चालू असतानाच. उचलला नाही तर तो यादीतला पुढचा नंबर लावतो. चालू विद्यार्थ्यांचं वेगळंच. "मॅडम, पाच मिनिटं उशीर होईल." "मॅडम, आज नको, ताप आहे." "मॅडम, परीक्षेची तारीख आली का?" यातला एकही फोन फालतू नसतो, हीच पंचाईत. गेम खेळणारा शिक्षक मला भेटलेला नाही असं नाही, पण आमच्यातले बहुतेक जण धडा चालू असताना दुसऱ्या धड्याचंच काम करत असतात. म्हणून तर त्यात काही गैर वाटत नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी सरळ हातात फोन धरून वाचायचे, टाइप करायचे. मान खाली, अंगठे चालू, मधूनच वर बघून "क्लच पूर्ण दाबा", पुन्हा मान खाली. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंदांचा एक मेसेज म्हणजे ३३ मीटर. हे गणित मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात करून दाखवायचे, मागच्या गाडीने किती अंतर ठेवावं ते शिकवताना. ते माझ्या मांडीवरच्या फोनलाही लागू होतं, हे कसं सुचलं नाही देव जाणे.

शिकणाऱ्याला मात्र सगळं दिसत असतं. संध्याकाळी उजेड कमी झाला की मांडीवरच्या फोनचा निळसर चौकोन समोरच्या काचेत उमटतो, रस्त्यावरच. ते मला एका मुलाने सांगितलं. तोही परीक्षा पास झाल्यावर, पेढे द्यायला आल्यासारखा हसत हसत. म्हणाला, "तुम्ही फोन काढलात की मला वाटायचं आज मी बरा चालवतोय, मॅडमना काळजी नाही." दुसऱ्या एका मुलीने नेमकं उलट सांगितलं. मी फोन काढला की तिला वाटायचं, मी कंटाळले, हिला काही येणार नाही असं ठरवून मोकळी झाले. एकच कृती, एकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं, दुसरीचं उतरलं. आणि दोघांपैकी एकानेही त्या वेळी तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? त्यांची परीक्षा मी लावायची, फॉर्मवर सही माझी. शिकणाऱ्याने शिक्षकाला "फोन ठेवा" म्हणायला जी हिंमत लागते ती गाडी चालवायला लागणाऱ्या हिमतीपेक्षा जास्त आहे.

तर मग मी हातातला फोन सोडला आणि कानात ब्लूटूथ घातला. हात मोकळे, डोळे रस्त्यावर, पाय ब्रेकवर. आता काय हरकत आहे? मी तर ओळखीच्या दोघा शिक्षकांना ब्लूटूथ घ्यायला लावला. एकाला तर मीच आणून दिला.

चौकातल्या प्रकारानंतर आठवडाभर मी वाचत बसले. आधी कायदा शोधला. खरं सांगायचं तर स्वतःच्या बचावासाठी. तो देशोदेशी वेगळा निघाला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००३ पासून गाडी चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे, आणि ती शिकाऊ चालकावर देखरेख करणाऱ्यालाही तशीच लागू आहे. शेजारच्या सीटवर बसलात म्हणून सुटका नाही. मार्च २०२२ मध्ये ते नियम आणखी कडक झाले. फोटो काढणं, स्क्रीन सरकवणं, गेम खेळणं, सगळं त्यात आलं. जर्मनीत गंमत वेगळीच. तिथे धडा चालू असताना फोनवर बोलणाऱ्या एका शिक्षकाचं प्रकरण थेट सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात, कार्ल्सरुहेला गेलं, आणि २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की शेजारी बसून नुसतं लक्ष ठेवणारा शिक्षक, जोवर स्वतः स्टेअरिंगला किंवा पेडलला हात-पाय लावत नाही तोवर, फोनबंदीच्या नियमापुरता 'चालक' ठरत नाही. तिथल्याच वाहतूक कायद्यात दुसरीकडे असंही लिहिलंय की शिकणाऱ्याकडे परवाना नसेल तेव्हा चालक म्हणून शिक्षकालाच धरायचं. न्यायालयाचं म्हणणं, ते कलम इथे ओढून आणता येणार नाही. भारतातल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिक्षकाने गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी बसावं, असं म्हटलंय. त्याच नियमात शिकाऊ पाटीची मापंही आहेत, १८ सेंटीमीटरचा चौकोन वगैरे. पाटी केवढी असावी ते सेंटीमीटरमध्ये, शिक्षकाने बसावं कुठे तेही. त्या जागी बसून शिक्षकाचं चित्त कुठे असावं, याबद्दल तो नियम गप्प.

आणि माझं प्रकरण तर ब्रिटनमध्येही सुटलं असतं. माझ्या हातात फोन नव्हताच.

मग संशोधनाकडे वळले, तिथे मात्र मला कुठेच लपायला जागा मिळाली नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत एक अभ्यास झाला होता. अपघात झालेल्या सुमारे ७०० चालकांच्या फोनची बिलं तपासून. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका चौपटीच्या आसपास निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात काही फायदा दिसला नाही. म्हणजे मी ब्लूटूथचा शोध लागल्यासारखी मिरवत होते त्याच्या कितीतरी आधी हे छापून आलेलं होतं.

दुसरा अभ्यास २००८ चा, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला. गाडीतल्या प्रवाशाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यात फरक काय, असा प्रश्न. सिम्युलेटरवर चालकांना एका ठरावीक ठिकाणी महामार्गावरून बाहेर पडायचं होतं. फोनवर बोलणारे ते ठिकाण जास्त चुकले. शेजारी माणूस असलेले फारसे चुकले नाहीत, कारण शेजारच्यालाही रस्ता दिसत असतो. रहदारी वाढली की तो आपोआप कमी बोलतो, विषय सोडून "ते बघ, तिकडून येतोय" म्हणतो. फोनवरच्याला यातलं काही दिसत नाही. माझ्या त्या गृहस्थांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपल्या शनिवार-रविवारच्या प्रश्नाच्या वेळी एक मोटारसायकल येते आहे.

हे वाचलं तेव्हा मला एकदम कळलं की शिक्षक म्हणजे तोच तो शेजारचा माणूस. गाडीतला दुसरा रस्ता बघणारा. विद्यार्थी त्याच्या भरवशावर बसलेला असतो. मी कानात फोन घातला की चालकाच्या शेजारी मी दिसायला असते आणि नसतेही. त्यापेक्षा सीट रिकामी असती तर तिने "जाऊ का?" असं विचारलंच नसतं. स्वतः नीट बघितलं असतं.

यावर आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर आहे, "पाय ब्रेकवर असतो ना!" मीही शंभरदा दिलंय. पण ब्रेक हे आमचं मुख्य काम नव्हेच. नवख्यांना वाटतं की शिक्षक रस्ता बघतो. मी रस्ता बघते ते अर्धाच वेळ. बाकीचा वेळ मी माणूस बघते. डावा गुडघा बघते. तो झपकन वर यायला लागला की क्लच सुटणार आणि गाडी उडी मारणार, हे अर्धा सेकंद आधी कळतं, आणि तेवढ्यात "सावकाश" एवढं म्हणता येतं. बोटांची पेरं पांढरी झाली की स्टेअरिंग घट्ट आवळलंय, म्हणजे भीती वाटते आहे, म्हणजे वळण लहान घेतलं जाणार. डोळे कुठे आहेत ते तर सतत. नवा चालक ज्याला घाबरतो त्याच्याकडेच टक लावून बघतो, आणि बघेल तिकडे हात जातात. उभ्या ट्रकला घाबरला की गाडी ट्रककडेच ओढली जाते. तेव्हा "ट्रक सोडा, पुढची मोकळी जागा बघा" हे वाक्य वेळेवर आलं की काम झालं. दोन सेकंद उशीर झाला की स्टेअरिंगला हात घालावा लागतो, चार सेकंद उशीर झाला की ब्रेक.

ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण शिकणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असताना आकाशातून एक ठोसा आला. मागून गाडी येत असेल तर अचानक थांबण्याचाही धोका वेगळाच. फोनवर असलेल्या शिक्षकाकडे 'सावकाश' नसतं, 'पुढे बघा' नसतं, थेट ठोसाच उरतो. जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण वाजवीपेक्षा दचकरे का निघाले, याचं उत्तर मला आता थोडंफार सुचतं. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, पण मला ती पाठ आहेत.

आता शिक्षकाची बाजूही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. हे काम भयंकर कंटाळवाणं असतं. पहिले चार धडे अंगावर येतात, घाम फुटतो. पण पंधराव्या धड्याला विद्यार्थी बरा चालवत असतो, तेच रस्ते, तीच वळणं, दिवसातला सहावा तास, आणि घडत काहीच नाही. काही न घडणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवणं माणसाला जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने हे १९४८ मध्येच दाखवलं होतं. रडारवर नजर ठेवणाऱ्यांची अडचण समजून घ्यायला त्याने एक घड्याळासारखी तबकडी केली. काटा एकेक घर पुढे जायचा, आणि क्वचित कधीतरी एकदम दोन घरं. ती दुहेरी उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या निसटायला लागल्या. माझा धडा पाऊण तासाचा.

आणि हो, २०१८ मध्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेंपे शहरात, स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला तेही याच जातीचं प्रकरण आहे. यंत्र चालवत होतं, माणूस लक्ष ठेवायला बसवला होता. तपासात निघालं की यंत्राला समोर काहीतरी आहे हे धडकेच्या ५.६ सेकंद आधी कळलं होतं, फक्त ते काय आहे हे ठरत नव्हतं. आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं लक्ष स्वतःच्या मोबाईलकडे होतं. ५.६ सेकंद! एवढ्या वेळात मी एका नवख्याला आरसा बघायला, क्लच दाबायला आणि थांबायला सांगू शकते, तेही न ओरडता. लोक त्या बातमीवर यंत्राबद्दल बोलत होते. मला त्या सीटवर बसलेलं माणूस दिसत होतं, कारण ती सीट माझीच आहे. शिकाऊ चालक म्हणजे तेच की. चालवतो बरा, पण समोर काय आहे ते कधीकधी ठरत नाही.

तर आता काय करते? फोन डिकीत. पर्समध्ये नाही, दाराच्या कप्प्यात नाही. सायलेंट करून जवळ ठेवूनही बघितला, पण थरथरतो आणि कोण असेल याचा विचार सुटत नाही. डिकीत टाकला की तो विचारही मागे पडतो, हळूहळू. दोन धड्यांच्या मध्ये दहा मिनिटं रिकामी ठेवते आणि तेव्हा सगळ्यांना उलट फोन करते. दिवसाला एक धडा त्यात जातो. चौकशीचे काही फोन सुटले, सुटणारच. एका बाईंनी तर चिडून मेसेज टाकला होता, "फोन उचलत नाही तर शिकवणार काय?" त्याचं उत्तर मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी नुसता वेळ कळवला. त्या आल्या नाहीत.

नियम एकदा मोडलाही. आईच्या ऑपरेशनचा दिवस होता, भावाचा फोन कधीही येणार होता. त्या दिवशी धडा रद्द करायला हवा होता, पण समोरच्याची परीक्षा तीन दिवसांवर. मग गाडीत बसतानाच त्याला सांगितलं, फोन वाजला तर तू जागा बघून कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चावी माझ्या हातात द्यायची, मग मी बोलणार. फोन आला. त्याने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, अगदी शिस्तीत कडेला घेतली, तोवर फोन वाजून बंद झाला. मग आम्ही दोघं तसेच बसलो, मी भावाला फोन लावत आणि तो समोरच्या काचेतून बाहेर बघत. गेलेली बारा मिनिटं मी त्याला दुसऱ्या दिवशी भरून दिली.

जाऊबाई मला सोडून गेल्या नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बाराव्या धड्याला आल्या. मी त्यांच्यासमोरच डिकी उघडून फोन आत टाकला. काही बोलल्या नाहीत. त्याच चौकात गेलो, मुद्दामच. गाडी हाफ क्लचवर, समोरून रांग. मला वाटलं आता विचारणार. विचारलंच.

"मॅडम, जाऊ का?"

मी गप्प राहिले. तोंड उघडायचीच भीती वाटत होती, खोटं कशाला बोला.

"म्हणजे नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ती पांढरी गाडी जाऊ दे. मग ती सायकल. मग मी."

मागे डिकीत फोन वाजायला लागला. सीटच्या पाठीतून त्याची घरघर दोघींनाही ऐकू येत होती.

पांढरी गाडी गेली. सायकल गेली.